क्रूझरचा सरंजाम आणि खोगीरभरती

सन 1803 च्या सप्टेंबर महिन्याच्या 23 तारखेस, आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी गाठ पडली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात खुद्द जालन्यासही लष्करी छावणी बसली. त्यामुळे खोगीर, रिकीब, लगाम आणि खुर्जी हा सरंजाम या मुलखास पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा राहिला. घोड्यावर काय लादावयाचे, हे घोड्याची पाठ आणि पुढची मजल पाहून ठरे, बाजारात काय मिळते ते पाहून नव्हे. जालन्याच्या ‘एमएच 21’ची नवी कोरी पाटी लावून शोरूमच्या दारातून क्रूझर मोटारसायकल बाहेर काढणाऱ्या मालकापाशी मात्र हा विवेक क्वचितच आढळतो, गाडीस हळदीकुंकू लागते न लागते तोच तो दुकानदाराच्या जोडसाहित्याच्या पत्रकावर खुणा करू लागतो. माझ्या मते पहिले महिना-दोन महिने गाडी आहे तशीच चालवावी आणि तिला काय हवे ते आपल्या रस्त्यांकडून व आपल्या पाठीच्या कण्याकडून समजून घ्यावे.

क्रूझर ही मूळची अमेरिकेच्या रुंद, सरळ आणि लांबच लांब रस्त्यांवर घडलेली जात. बैठक ठेंगणी, हँडल रुंद व मागे वळलेले, पाय पुढे टाकलेले आणि इंजिनाची चाल संथ पण भरदार. बजाजने कावासाकीच्या साहाय्याने 2001 साली ‘एलिमिनेटर’ आणली आणि 2005 पासून तोच घाट ‘अ‍ॅव्हेंजर’ या नावाने पुढे चालविला, तेव्हा ही गाडी सामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्यात आली. 2020 च्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या रॉयल एनफिल्डच्या ‘मीटिऑर 350’ने तिला अधिक प्रौढ रूप दिले. या मीटिऑरचे वजन सुमारे 191 किलो, बैठकीची उंची 765 मिलिमीटर आणि पोट व जमीन यांमधील अंतर 170 मिलिमीटर आहे. दैवदुर्विलास असा, की या जातीस शोभेल असा एक रस्ता जिल्ह्यातून जातो, आणि त्यावर तिला मज्जाव आहे: 701 किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीस परवानगी नाही. तेव्हा तिचा संसार व्हायचा तो अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन या रस्त्यांवर, त्यांवरील हौशी गतिरोधकांवर आणि त्यांच्या कडेच्या काळ्या मातीत.

या काळ्या मातीपासूनच आरंभ करणे योग्य, कारण अमेरिकेतल्या रचनाकाराने तिचा विचार केलेला नसतो. पावसाळ्यात शेताच्या बांधावर गाडी बाजूच्या स्टँडवर उभी करून माणूस पाण्याची मोटर चालू करण्यास जातो, आणि परत येतो तो स्टँडचे निमुळते टोक चिखलात रुतून पावणेदोनशे-दोनशे किलोचे हे धूड आडवे झालेले. यावर उपाय म्हणजे स्टँडच्या टोकास बसणारी रुंद पत्र्याची चकती. ती अल्प किमतीत मिळते, न मिळाल्यास डिक्कीत शहाबादी फरशीचा एक तुकडा बाळगला तरी काम भागते, आणि तरीही चकचकीत साहित्याच्या गर्दीत तिची आठवण कोणासही राहत नाही. मडगार्डाचेही असेच. चाकास घट्ट लागून बसणारे जादा मडगार्ड शोभिवंत दिसते खरे, परंतु ओली काळी माती त्या फटीत अशी गच्च बसते, की चाक फिरेनासे होऊन काडीने ती कोरून काढण्याची पाळी येते. त्यापेक्षा मूळ मडगार्डास खाली लवचीक रबरी पट्टी जोडणे शहाणपणाचे. गतिरोधकांवर पोट घासत असेल तर इंजिनाखाली संरक्षक पत्रा अवश्य बसवावा. मात्र त्यातून ऑइल सोडण्याचे बूच मोकळे राहते ना व इंजिनास वारा लागतो ना, एवढे पाहावे. वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात हवेवर थंड होणाऱ्या इंजिनास वाऱ्याचाच आधार असतो.

जालना हे लोखंडाचे गाव. सळया तयार करणाऱ्या गिरण्या येथे इतक्या, आणि वेल्डिंग करणारे कसबी हात गल्लोगल्ली इतके, की लेगगार्ड काय किंवा बॅगेचे कडे काय, समोर उभे राहून तासाभरात करून घेण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु येथेच सावध राहणे अवश्य आहे. लेगगार्ड हा पोकळ नळीचा असतो तो काटकसरीपोटी नव्हे. गाडी पडली असता नळीने वाकावे, आघात स्वतः गिळावा आणि चेसिस शाबूत राहावी, हा त्यातील हेतू. भरीव सळईचा गार्ड वाकत नाही, तो आघात जसाच्या तसा चेसिसकडे पोहोचवितो. गार्ड शाबूत आणि गाडीचा सांगाडा वाकडा, असा उफराटा न्याय मग पाहावयास मिळतो. चेसिसवर थेट वेल्डिंग करणे तर सर्वथा वर्ज्य मानावे: उष्णतेने त्या जागचे लोखंड आपला गुण गमावते, आणि बॅटरी न सोडता चालविलेला वेल्डिंगचा प्रवाह एबीएस व इंधन-नियंत्रणाच्या नाजूक यंत्रणेस निकामी करू शकतो. जे जोडावयाचे ते मूळच्या भोकांत, नटबोल्टाने आणि क्लँपने.

आता मागे बसणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न, जो जाहिरातीत कधीच विचारला जात नाही. राजूरच्या गणपतीस किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीस निघालेल्या कुटुंबात मागे बसणारी स्त्री पुष्कळदा नऊवारी नाहीतर पाचवारी नेसून एका अंगावर बसते, आणि तिला पाठीशी उभारलेल्या त्या उंच टेकणाचा काडीचाही उपयोग नसतो. उलट चढता-उतरताना त्याची अडचणच होते. तिला हवा असतो हाताशी घट्ट दांडा, पायाखाली रुंद फळी आणि चाकापासून पदराचे संरक्षण. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 वा नियम नेमके हेच मागतो: हाताची पकड, पायांस आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आवरण. तरुण मालक मात्र सर्वप्रथम साडीगार्डच काढून अडगळीत टाकतो, कारण त्याने म्हणे गाडीचे रूप बिघडते. रूपाच्या या कल्पनेपायी आई-बहिणीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ देणे हा शुद्ध अविचार होय. दोन्हीकडे पाय टाकून बसणारा, दूरच्या प्रवासास नेहमी सोबत येणारा सोबती असेल तर टेकण घ्यावे. त्याचे पैसे वसूल होतात.

सामानासाठी खुर्जीप्रमाणे दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या बॅगा क्रूझरला शोभतात आणि सोयीच्याही पडतात, कारण ओझे खाली राहते. मात्र बॅग व चाक यांमध्ये लोखंडी कडे हवेच, सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्यापासून चांगली वर असावी आणि मागचा इंडिकेटर झाकला जाता कामा नये. पाठीमागच्या उंच पेटीविषयी मोटार वाहन नियमांच्या 2020 च्या दुरुस्तीने मापेच ठरवून दिली आहेत: लांबी 550, रुंदी 510 व उंची 500 मिलिमीटर, याहून अधिक नाही. ही पेटी मागच्या आसाच्याही मागे लटकत असल्याने तीत जड वस्तू भरल्या की पुढचे चाक हलके होऊन हँडल डोलू लागते. मोसंबीची क्रेट तिच्यावर बांधणारे महाभाग रस्त्यात भेटतात; त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

दिव्यांचा प्रश्न चैनीचा नाही. उसाच्या हंगामात अंबड-घनसावंगीकडे रात्री निघालेल्यास ट्रॉलीची मागची बाजू, तिला ना दिवा ना परावर्तक, अगदी जवळ आल्यावरच दिसते, आणि रानडुकरे तर कोणत्याच हंगामाची वाट पाहत नाहीत. दोन लहान, पिवळसर, खाली रोखलेले फॉगलॅम्प येथे उपयोगी पडतात. समोरच्याचे डोळे दिपविणारा पांढरा झोत हा मात्र उपद्रव आहे. जोडणी कशी होते, हे उभे राहून पाहावे. बटणाची बारीक तार दिव्याचा सगळा प्रवाह वाहू शकत नाही, ती तापते. म्हणून मध्ये रिले घालतात, ज्यायोगे बटणातून नाममात्र प्रवाह जातो आणि मोठा प्रवाह जाड तारेने, फ्यूजमधून, बॅटरीकडून थेट दिव्यास मिळतो. मूळ वायरिंग सोलून तेथेच चिकटपट्टी गुंडाळणाऱ्या कारागिरास तत्काळ थांबवावे. त्यामुळे कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते.

वाऱ्याची काच घेतल्यास तिची वरची कड नाकाच्या रेषेत असावी, म्हणजे नजर काचेतून न जाता काचेवरून जाते. ओरखडे आणि रात्रीचा पाऊस यांमुळे काचेतून धड दिसत नाही. मोबाइलचा धारक कंप शोषणारा घ्यावा, कारण इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने 2021 मध्ये दिला होता. ट्यूबलेस चाकासाठी पंक्चरचे साहित्य व छोटा पंप ठेवावा. वेड्या बाभळीचा काटा नवी गाडी-जुनी गाडी असा भेद करीत नाही.

राहता राहिला सायलेन्सर. त्यास हात लावू नये. मोटार वाहन अधिनियमाचे 52 वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदल करण्यास मुभा देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले, आणि 182-अ कलमान्वये अशा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बाकी साहित्याची पावती जपून ठेवावी आणि त्याची किंमत विमापत्रात स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी. न नोंदविलेल्या साहित्याचा दावा विमा कंपनी सहसा मान्य करीत नाही.