सरकता पाट

सुतारकामातलं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत घातक यंत्र कोणतं, असं विचारलं तर बहुतेक मिस्त्री एकाच यंत्राकडे बोट दाखवतील. अर्थात, दाखवायला ते बोट शाबूत असलं तर!

हे यंत्र म्हणजे टेबल सॉ. सपाट टेबल, त्यात एक चीर आणि त्या चिरेतून वर आलेलं गोल दातेरी पातं. हातकरवतीनं कापताना लाकूड स्थिर असतं आणि करवत पुढे-मागे होते. इथे करवत जागच्या जागी फिरते आणि लाकूड तिच्याकडे न्यावं लागतं. ते नेतो आपला हात. सगळा धोका या अदलाबदलीत आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. पण वाढलो सुताराच्या घरात. अब्बा मिस्त्री होते. शाळा सुटली की भुसा भरायचा आणि फळीचं दुसरं टोक धरायचं, ही कामं माझ्याकडे असत. बी. ए. झालो, पुस्तकांत रमलो, तरी हत्यारांची ओढ सुटली नाही. त्या दिवसांत एक वाक्य मी अनेकदा ऐकलं : 'एखादं बोट गेल्याशिवाय मिस्त्री पक्का होत नाही.' त्यात मर्दुमकी असेल, शहाणपण मात्र नाही. साधा हिशेब करून पाहा.

दहा इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा दात ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगानं धावतो. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला आपल्याला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पात्याचे बारा फेरे होतात. पात्याला ४० दात असले, तर जवळपास ५०० दात त्या जागेवरून गेलेले असतात. 'मी सावध असतो' या म्हणण्याला इथे काही अर्थ उरत नाही. सावधपणा पाव सेकंदाचा, आणि तेवढ्या वेळात सगळं होऊन गेलेलं असतं.

दुसरा धोका उलट्या फेकीचा. आपल्याकडच्या बाजूचे दात खाली टेबलाकडे जातात, तर मागच्या बाजूचे दात टेबलातून वर उसळतात. आखूड, रुंद फळी आडवी कापताना ती जराशी तिरकी झाली किंवा बाजूच्या गाईडपट्टीत आणि पात्यात आवळली गेली, की मागचे दात तिला उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. फळी जाते एकीकडे आणि तिच्यावर टेकलेला हात जातो पात्याकडे.

यावर घरच्या घरी करता येणारा एक उपाय आहे. इंग्रजीत त्याला 'क्रॉसकट स्लेड' म्हणतात. मी 'सरकता पाट' म्हणतो. कल्पना सोपी आहे. लाकूड टेबलावर न सरकवता एका पाटावर ठेवायचं आणि पाटासकट पुढे न्यायचं. लाकूड पाटावर स्थिर राहतं, म्हणून तिरकं होत नाही. हात पाटाच्या कठड्यावर, पात्यापासून लांब राहतात.

पाटासाठी १२ मिलिमीटरचं सपाट प्लायवूड घ्या. दोन फूट बाय अडीच फूट पुरे. टेबलावर पात्याला समांतर दोन चर असतात. त्यांत बसतील अशा दोन लाकडी पट्ट्या तासा. पट्टी चरात न अडखळता सरकली पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये. त्यासाठी जुनं, पुरतं सुकलेलं सागवान चांगलं. आमच्या कोकणात पावसाळ्यात ताजं लाकूड फुगतं आणि मे महिन्यात छान चालणारा पाट जुलैत अडकून बसतो. मग ढकलायला जोर लावावा लागतो, आणि या यंत्रावर जोर लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पट्ट्यांना मेणबत्तीचं मेण घासलं की काम हलकं होतं.

यंत्राची पिन काढून, पातं टेबलाखाली उतरवून मगच जोडणीला लागा. चरांत दोन-तीन नाणी टाका, म्हणजे पट्ट्या टेबलाच्या किंचित वर राहतील. त्यांवर डिंक लावा, वर प्लायवूड ठेवा आणि वजन देऊन सुकू द्या. नंतर खालून स्क्रू मारा, पण पात्याच्या वाटेत एकही नको.

आता दोन कठडे. दोन प्लाय एकमेकांना चिकटवून जाड केलेले आणि मध्यभागी चार इंच तरी उंच. लांबचा कठडा पाटाची दोन अंगं एकत्र धरून ठेवतो. तो आधी पक्का करा. मग यंत्र सुरू करून पाटाला चीर पाडा, पण आपल्याकडची कड तीन-चार इंच शिल्लक ठेवा. आपल्याकडचा कठडा चिरेला गुण्या लावून बसवा. एका टोकाला एकच स्क्रू, दुसरं टोक शिकंज्यानं धरलेलं.

तो काटकोनात आहे का, हे पाहायची पाच कापांची रीत आहे. साधारण ४०० मिलिमीटरची चौकोनी फळी घ्या. एक बाजू कापा, कापलेली कड कठड्याला लावून पुढची कापा. असे चार काप झाले की पहिल्याच बाजूची पंधराएक मिलिमीटरची पट्टी कापून काढा आणि तिची दोन्ही टोकं मोजा. एक १५ आणि दुसरं १५.८ भरलं, तर फरक ०.८. त्याचा चौथा भाग ०.२, म्हणजे ४०० मिलिमीटरमागे ०.२ मिलिमीटरची चूक. एका कापात न दिसणारी चूक चौपट होऊन समोर येते. कवितेतही एका ओळीतली मात्रेची ओढाताण कानाला कळत नाही. चार ओळी सलग म्हटल्या की खटकते. कठडा तेवढा सरकवा, पुन्हा तपासा आणि मगच उरलेले स्क्रू मारा.

इथवर आलेले अनेकजण पाट तयार झाला असं समजतात. पण खरी सुरक्षा पुढे आहे. काप संपताना पातं आपल्याकडच्या कठड्यातून बाहेर येतं, नेमकं जिथे अंगठा असतो तिथेच. म्हणून त्या जागी कठड्याच्या मागे तीन इंच जाड लाकडी ठोकळा चिकटवा. पाट ठरावीक जागेपुढे जाऊ नये म्हणून टेबलाला आणि पाटाला अडसर लावा. पातं त्या ठोकळ्यातच थांबलं पाहिजे. चिरेच्या वर दोन्ही कठड्यांना जोडणारी पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी बसवा आणि चिरेच्या दोन्ही अंगांना सहा इंच लाल पट्टा रंगवा. लाल भागात हात न्यायचा नाही, हा नियम शिकाऊ पोरालाही एका नजरेत कळतो.

हा पाट आडवे काप घेण्यासाठी आहे. फळी लांबीत चिरायची असेल, तर पात्यामागची फाळपट्टी आणि ढकलकाठीच हवी. हातमोजे घालू नका, कारण दातात धागा अडकला की हात ओढला जातो.

शरीराचा स्पर्श ओळखून हजारांश सेकंदांत थांबणारी करवत अमेरिकेत २००४ पासून विकली जाते, पण ती छोट्या कारखान्याच्या आवाक्याबाहेर आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला होता. दोन मिस्त्री आणि एक पोऱ्या असलेली दुकानं मात्र बहुधा 'कारखान्या'च्या व्याख्येतच बसत नसत. तिथे आडोसा घालायचा तो मालकानं स्वतःच. त्याला लागतो प्लायचा एक तुकडा, सागवानाच्या दोन पट्ट्या आणि एक रविवार.

मिस्त्री पक्का झाला, हे त्याच्या कापावरून ओळखावं. काप काटकोनात आला आणि हाताची दहाही बोटं संध्याकाळी घरी परतली, तर तो पक्का.