चाळीस मिलिसेकंदांची नोंद

शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन पडदे शेजारी शेजारी चालू होते. एकावर कुणाच्या तरी लग्नाची वरात चालली होती. दुसरा काळाकुट्ट, आणि त्यावर बारीक अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या. तिथं काम करणारी तरुणी वरातीकडे बघतच नव्हती, तिचे डोळे काळ्या पडद्यावर खिळलेले. मी पासपोर्टचे फोटो घ्यायला गेले होते. लग्नाचा व्हिडिओ तपासणारं माणूस लग्न न बघता ओळी का वाचतंय, हे काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून पुन्हा गेले, तिचं काम बघायला.

खोलीत शिरलं की आधी वास येतो. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅसेटचा कुबट वास आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा. गावोगावच्या कॅसेट इथं येतात. न्हावऱ्याचं लग्न, रांजणगावचा गणेशोत्सव, कवठे येमाईच्या बाजूची जत्रा, कुठल्या तरी घाटातले बैलगाडे. व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीनं 1976 साली बाजारात आणली. ती चालवणारे व्हीसीआर बनवणारी फुनाई ही जपानी कंपनी शेवटपर्यंत टिकली होती, तिनंही 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे या खोलीतला व्हीसीआर बिघडला, तर दुसऱ्या जुन्या मशीनचेच सुटे भाग शोधावे लागतात. कॅसेट उघडून बुरशी बघायची, हेड पुसायचं, कॅप्चर कार्ड लावून पूर्ण लांबीची फाइल करायची, एवढं काम कुठल्याही स्टुडिओत होतं. 2000 नंतरच्या लग्नांच्या डीव्हीडीही येतात, ओरखडे पडलेल्या. त्यांच्या फाइली नुसत्या उतरवून घ्यायच्या असतात. खरं काम त्यापुढे सुरू होतं. तयार झालेली फाइल धड आहे का, हे तपासायचं.

त्यासाठी ती ‘एमपीव्ही’ नावाचा प्लेअर वापरते. हा फुकट मिळतो आणि लिनक्स, विंडोज, मॅक, सगळीकडे चालतो. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून तो चालवायचा. याचं घराणं जुनं आहे. 2000 साली हंगेरीतल्या आर्पाद गेरेऑफी यांनी ‘एमप्लेअर’ लिहायला घेतला. त्याची एक शाखा ‘एमप्लेअर 2’ झाली आणि तिच्यातून 2013 साली एमपीव्ही बाहेर आला. चित्र उलगडण्याचं मुख्य काम तो ‘एफएफएमपेग’ या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाकडून करून घेतो. व्हिडिओ चालू असताना या दोघांना जे जे खटकतं, ते ते काळ्या खिडकीत ओळीनं उमटतं.

सगळ्यात खाली एक ओळ मात्र हलत नाही, जागच्या जागी बदलत राहते. किती वेळ झाला, एकूण किती, आवाज आणि चित्र यांत किती फरक, किती फ्रेम गळल्या. फरकाच्या जागी शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य असलं की ती निर्धास्त असते.

“चाळीस मिलिसेकंद, ताई,” तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. “आपल्याकडचा व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा. एक फ्रेम म्हणजे चाळीस मिलिसेकंद. तासाला नव्वद हजार फ्रेम. डोळ्यानं कोण तपासणार?”

हे गणित मी घरी येऊन मांडून पाहिलं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये 2 लाख 70 हजार चित्रं होतात. प्लेअरनं प्रत्येक फ्रेमबद्दल एकच ओळ लिहिली तरी तासाला नव्वद हजार ओळी. टर्मिनलची ती काळी खिडकी ठरावीक ओळीच लक्षात ठेवते, जुन्या पुसत जाते. शिवाय ओळी छापायलाही वेळ लागतो. धिम्या टर्मिनलवर मेसेजचा पूर आला, तर छापता छापताच प्लेअर मागे पडू शकतो. मग गळलेली फ्रेम फाइलच्या दोषानं गळली की मेसेजच्या पुरानं, हे कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून मेसेजना पायऱ्या आहेत. एमपीव्हीत सगळ्यात खाली पूर्ण शांतता. तिच्यावर क्रमानं प्राणघातक चूक, साधी चूक, इशारा, माहिती, चालू स्थिती, आणि मग बारीक, अधिक बारीक, अतिबारीक तपशील. चूक लाल रंगात येते, इशारा पिवळ्या. कुणाचं किती ऐकायचं तेही वेगवेगळं ठरवता येतं. प्लेअरचं स्वतःचं बोलणं कमी करायचं आणि एफएफएमपेगचं सगळं ऐकायचं, असं चालतं. हिच्या पडद्यावर इशारा आणि त्याहून गंभीर मेसेज येतात, खाली ती चालू स्थितीची ओळ. बाकी सगळं लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फाइलीत.

ही लॉगची फाइल मला फार आवडली. पडद्याला गप्प करता येतं, हिला करता येत नाही. एमपीव्हीत लॉग फाइल मागितली की तिच्यात बारीक तपशिलाची एक किमान पातळी जातेच. ती वाढवता येते, कमी करता येत नाही. बनवणाऱ्यांनी हे जाणून ठरवलं असणार. बघणाऱ्याला निवांतपणा हवा तर घ्या, पण नोंद पूर्णच होईल. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. त्याच नावानं पुन्हा लॉग मागितला तर आधीचा पुसला जातो. म्हणून ती प्रत्येक लॉगला कॅसेटचा नंबर आणि तारीख देते.

तिचं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती, चारही दिशांच्या गाड्या त्या जंक्शनात येतात. “गाडी वेळेवर गेली तरी रजिस्टरला वेळ लिहितातच की,” ती म्हणाली. “काही झालं नाही, हेसुद्धा लिहिलेलंच असावं लागतं.” कॉम्प्युटर ती वर्गात शिकली असेल, पण ही शिस्त दौंडच्या फलाटावरची आहे, याबद्दल मला शंका नाही.

एक डीव्हीडी तिनं माझ्यासमोर तपासली. लग्न जुनं, तबकडीवर गोल ओरखडे. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला, नवरीचा चेहरा पडद्यावर मोठा दिसत होता. मला काहीही वावगं दिसलं नाही. काळ्या पडद्यावर मात्र लाल ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की 22 व्या रकान्यात, 15 व्या ओळीत डेटा खराब आहे. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं असतं आणि ते 16 बाय 16 ठिपक्यांच्या चौकोनांत कापलेलं असतं. आडवे 45 चौकोन, उभे 36, एकूण 1620. मोजणी शून्यापासून. म्हणजे 22 वा रकाना बरोबर मधला, आणि 15 वी ओळ मध्याच्या जरा वर. नवरीचा चेहराच तो.

तिनं लॉग उघडला. तिथं आणखी एक ओळ होती, पडद्यावर न आलेली. इतके इतके चौकोन झाकले, असं एफएफएमपेगनं लिहून ठेवलं होतं. जिथं चित्र वाचता येत नाही, तिथं तो आधीच्या फ्रेममधून किंवा शेजारच्या चौकोनांतून अंदाजानं भरतो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. चाळीस मिलिसेकंदांपुरता तो चेहरा त्या मुलीचा नव्हता, प्रोग्रामनं जुळवलेला होता. खरं तर चाळीस मिलिसेकंदांवरही भागत नाही. पुढच्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर बेतलेल्या असतात, त्यामुळे पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, ती डागडुजी पुढे वाहत जाते. झाकणारा प्रोग्राम किती झाकलं तेही लिहून ठेवतो, हा त्याचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटला. तिनं तबकडी पुसून पुन्हा वाचायला लावली. बऱ्याच लाल ओळी गेल्या, काही राहिल्या. राहिलेल्यांच्या वेळा तिनं गिऱ्हाइकाच्या पावतीमागे लिहिल्या.

चुकीचा मेसेज कुठे जावा, हा प्रश्न जुना आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स घडत होतं, तेव्हा प्रोग्रामचं उत्तर आणि त्याची तक्रार एकाच वाटेनं बाहेर पडत. तिथल्या स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगून ठेवलंय, की फोटोटाइपसेटिंगचा कागद रसायनातून काढावा, काही मिनिटं थांबावं, आणि हाती यावी सुबक छापलेली एकच ओळ : फाइल उघडता आली नाही. एकाच दुपारी अनेकांना हा अनुभव आला, कुरबुर झाली आणि दोनेक दिवसांत तक्रारींसाठी वेगळी वाट निघाली. आज शिरूरमधला प्लेअर त्याच दोन वाटा वापरतो.

स्टुडिओतला पुढचा कॉम्प्युटर विंडोजचा. विंडोजमध्ये प्रोग्राम एक तर खिडकीवाला असतो, नाहीतर काळ्या पडद्यावाला. एमपीव्हीला दोन्ही व्हायचं असतं, म्हणून तिथं त्याच्यासोबत एक छोटा जोडप्रोग्राम येतो, तो मेसेज काळ्या खिडकीत पोचवतो. हे माहीत नसलेला माणूस आयकॉनवर क्लिक करतो, ओळी दिसत नाहीत, आणि फाइल चांगली आहे असं समजून चालतो. शिवाय विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत मराठी नावांचे चौकोन होतात, काना-मात्रा सुटे पडतात. म्हणून इथं फाइलींची नावं अजून रोमन लिपीतच ठेवतात. आपल्या गावाचं नाव आपल्याच लिपीत त्या खिडकीत वाचता येऊ नये, याचं वाईट वाटतं.

बैलगाड्यांची एक डीव्हीडीही आली होती, कॅसेटवरून कधीकाळी करून घेतलेली. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात परवानगी मिळाली आणि 2023 साली घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम केला. मधल्या वर्षांत लोकांकडे जुने व्हिडिओच उरले होते. एक बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, काही सेकंदांत संपते, तिथं चाळीस मिलिसेकंदांनाही किंमत असते. या तबकडीनं लाल ओळींचा पूर आणला. त्या पुरात एक पिवळी ओळ येऊन गेली. आवाज आणि चित्र यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडलं, की एमपीव्ही तसा इशारा देतो. तो सारखा सारखा सांगत बसत नाही, एकदाच सांगतो. पडद्यावरून ती ओळ वाहून गेली होती. लॉगमध्ये शोधल्यावर सापडली.

ओळी सगळं सांगतात असं मात्र नाही. फाइल बनतानाच आवाज मागे पडला असेल, तर प्लेअरला त्यात काही चूक दिसत नाही. त्याला फक्त वेळेचे आकडे कळतात, ओठ कळत नाहीत. म्हणून ती प्रत्येक फाइलची सुरुवात आणि शेवट स्वतः बघते. हलगीवर टिपरू पडतं तेव्हाच आवाज येतो का, हे कान लावून ऐकते. लॉग वाचणं आणि बघणं, दोन्ही लागतं.

अनेक ठिकाणी हे होत नाही. मेसेज बंद करून टाकतात, फाइल सुरू झाली की काम झालं म्हणतात. घाई असते, पैसे कमी मिळतात, हे मी समजू शकते. पण गप्प पडदा म्हणजे निर्दोष फाइल नव्हे. मेसेज आवरणं आणि मेसेज दडपणं यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्याच हाती आठवणी द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तुमच्या घरात अशा कॅसेट किंवा तबकड्या असतील, तर लवकर डिजिटल करून घ्या. पेन ड्राइव्हवर व्हिडिओ घेताना त्याच्या तपासणीच्या लॉगची फाइलही मागा. ती नुसत्या मजकुराची असते, व्हिडिओच्या मानानं जागा अगदीच थोडी घेते. तुम्हाला वाचता आली नाही तरी पुढे कुणाला तरी येईल. आणि मूळ कॅसेट किंवा तबकडी टाकून देऊ नका. लॉगमध्ये जिथं ‘झाकलं’ असं लिहिलंय, तिथलं खरं चित्र असलंच तर फक्त तिच्यातच आहे.