जुन्या पिकअपला दुसरे डिझेल इंजिन : आधी हिशेब, मग पाना

भाजी, फर्निचर, कापडाचे तागे, भंगार असा माल वाहणाऱ्या आपल्या अनेक बांधवांची रोजी जुन्या पिकअपवर चालते. गाडीचा सांगाडा धड असतो, पण इंजिन ऑइल पिऊ लागते आणि चढावर दम टाकते. मग मिस्त्री सुचवतो, "दुसरे डिझेल इंजिन टाकू, गाडी नवी होईल." हा सौदा परवडतो का, हे आम्ही येथे पाहत आहोत.

आधी दुखणे ओळखा

धूर काळा असेल तर एअर फिल्टर चोंदलेला किंवा नोझल-पंप बिघडलेला असू शकतो. एवढ्यासाठी इंजिन काढू नये. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, लाइनर किंवा व्हॉल्व्ह तपासावेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल व रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट पाहावे. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन बाद ठरवू नये. ब्लॉक शाबूत असेल आणि क्रँकला ग्राइंडिंगची जागा असेल, तर लाइनर-पिस्टन व बेअरिंग बदलून तेच इंजिन बांधून घ्यावे. इंजिन नंबर तोच राहतो, कागदांना धक्का लागत नाही.

बचत किती?

समजा, गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर धावते आणि नव्या इंजिनाने लिटरला ९ ऐवजी १२ किलोमीटर मिळतात. महिन्याला सुमारे ४२ लिटर डिझेल वाचेल. ९० रुपये दराने ३,७५० रुपये. इंजिन, बसवणूक व कागद मिळून दीड लाख खर्च धरला, तर तो फिटायला ४० महिने लागतील. गाडी महिन्याला ५०० किलोमीटरच धावत असेल, तर तब्बल १० वर्षे! पेट्रोल गाडीला डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा पूर्वी जोरात होता, कारण डिझेल फार स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव नियंत्रणमुक्त झाला. आता तेवढी तफावत उरलेली नाही.

खरी जोखीम कागदांची

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. म्हणून त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन घ्यावे, आर.टी.ओ.ची मंजुरी आधी काढावी आणि बदलानंतर १४ दिवसांत कळवून आर.सी.वर नवा नंबर चढवावा. कर्ज बाकी असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावे. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर दावा अडकतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असते, तेथेही हा घोळ उघडा पडतो.

कुर्ल्यासारख्या बाजारात जुने इंजिन घेताना पक्के बिल आणि मूळ गाडीचे कागद मागावेत. चोरीचा माल निघाला तर पैसा जातो आणि पोलीस चौकीच्या फेऱ्या सुरू होतात. कॉमन रेल इंजिनाच्या मोहातही पडू नये. त्याला कंट्रोल युनिट, सेन्सर, वायरिंग सारेच लागते; गिअरबॉक्स व माउंटिंग जुळतीलच असे नाही.

आमचे मत सरळ आहे : चेसिस गंजलेली नसेल, गाडी रोज भरपूर धावत असेल आणि त्याच जातीचे इंजिन बिलासह मिळत असेल, तरच बदल करावा. नाहीतर आहे ते इंजिन बांधून घ्यावे, किंवा गाडी विकून तो दीड लाख दुसऱ्या चांगल्या गाडीत घालावा.