देवगिरीच्या चुलीवर मिरची नव्हती

कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात माझी गोदा लेकाला शिदोरी बांधून देते. साल १२९५, गाव देवगिरीजवळचं, राज्य रामदेवराव यादवांचं. मी लिहून गेले होते : ज्वारीच्या भाकऱ्या आणि वर मिरचीचा ठेचा. माझ्या मावशीनं वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. तिनं पान वाचलं आणि ठेच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

"अगं, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. मिरची त्यानंतर पोर्तुगिजांबरोबर आली. तुझ्या गोदेनं कुठून आणली?"

त्या गोलानं माझं अख्खं स्वयंपाकघर रिकामं केलं. बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, काजू, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. एकादशीचा प्रसंग तर नव्यानंच लिहावा लागला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो तिकडचाच, रताळंही तिकडचंच. माझ्या वारकरी बाईच्या पानात वरी, शिंगाडा, दूध आणि केळं एवढंच उरलं.

खोडणं सोपं होतं. गोदेच्या जिभेवरची चव मात्र मला हवी होती. म्हणून महिनाभर घरात मिरची आणली नाही. मिरी, आलं, लसूण घालून पिठलं केलं. मिरचीसारखा ठसका लगेच लागत नाही. घास उतरल्यावर घशात हळूहळू ऊब चढते. मिरचीचं नावसुद्धा मिरीवरूनच पडलंय. पण मिरी यायची मलबारातून. कोरडवाहू शेतावर राबणाऱ्या बाईला ती रोज कशी परवडेल? शेवटी शिदोरीत भाकरीसोबत लसूण आणि भाजलेल्या तिळाचं कूट बांधलं. आता ती शिदोरी गोदेच्या घरची वाटते.

ग्रंथांनी खूप दिलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे ११३०च्या सुमारास, मांडे आहेत, वडे आहेत, इडलीची पूर्वज शोभावी अशी इडरिका आहे. पण ते राजाचं ताट. साध्या माणसांच्या घासासाठी मी 'लीळाचरित्रा'कडे वळले. तिथं भिक्षेच्या झोळीतलं अन्न दिसतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

मांडे पाहायला खानदेशात गेले. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं. काकूंनी सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवला, इतका पातळ की खालची बांगडी दिसावी, आणि अलगद खापरावर सोडला.

"खापर तापलं हे कसं ओळखता?" मी विचारलं.

त्यांनी ओल्या बोटांनी पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून नाचले आणि नाहीसे झाले.

"आता टाकायचा, बाई."

लग्नघरातलं पाचवं प्रकरण आता तिथूनच सुरू होतं : पालथं खापर, गोदेची ओली बोटं, नाचणारे थेंब.