बापाचा आवाज मोठा, लेकीच्या ओळी तीन

डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर झाला की आपण म्हणतो, "छान, वडिलांचा दवाखाना सांभाळला हो!" पण लेखकाची मुलगी लिहू लागली की लगेच, "बापाच्या नावावर छापून येतंय!" खरं सांगा, तुम्हीही कधीतरी असं म्हणालाच असाल.

शिरीष पै यांचे वडील तर आचार्य अत्रे! 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून भल्याभल्या कवींची टोपी उडवणारे. नाटकं, सिनेमे, 'नवयुग', 'मराठा', संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. कुणाचं कौतुक करायचं, तर 'दहा हजार वर्षांत असा झाला नाही' याच्या खाली उतरायचे नाहीत! १९२९ साली अशा घरात जन्मलेल्या मुलीने कविता लिहायची, म्हणजे ढोलताशाशेजारी बसून अंगाई म्हणण्यासारखंच.

शिरीषताई घरापासून लांब पळाल्या नाहीत. 'नवयुग'मध्ये आणि 'मराठा'त त्यांनी काम केलं. लग्न, संसार सांभाळून कथा, कादंबऱ्या, नाटकं लिहिली. वडिलांवरही लिहिलं, 'वडिलांचे सेवेसी' हे पुस्तकाचं नावच पाहा ना! धाकट्या बहीण मीना देशपांडे, त्याही लेखिका.

१९६९ साली अत्रे गेले. पुढे सत्तरच्या दशकात शिरीषताईंनी जपानी हायकू मराठीत आणला, आणि मला वाटतं, इथे त्यांची वाट खरी वेगळी झाली. हायकू म्हणजे इनमीन तीन ओळी. जपानीत त्यांची सतरा अक्षरं मोजतात, मराठीत एवढी काटेकोर मोजणी राहिली नाही. डोळ्यांसमोरचा एक क्षण टिपायचा आणि गप्प बसायचं. वडिलांची दहा हजार वर्षं, लेकीचा एक क्षण!

आमच्या गिरीजचंच घ्या. पहाटे वाडीत फुलं खुडताना विहिरीवरचा खंड्या भुर्रकन उडतो, पाण्यावर वलय तेवढं राहतं. बाई टोपली उचलून लोकल गाठायला निघते. कादंबरीला लागणारी सलग दुपार तुम्हाआम्हाला कुठली मिळायला? पण एवढा क्षण मिळतोच की. 'ध्रुवा' हा शिरीषताईंचा हायकूसंग्रह वाचनालयात मिळाला तर जरूर आणा. दूध उतू जाईपर्यंत दोन पानं सहज होतात.

अशी बापलेकीची जोडी आफ्रिकेतही होऊन गेली. गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, जोसेफ केसली-हेफर्ड हे वकील, पुढारी आणि अत्र्यांसारखेच वर्तमानपत्रवाले. १९११ साली त्यांची 'इथिओपिया अनबाउंड' ही इंग्रजी कादंबरी आली. त्यांची मुलगी ग्लॅडिस (१९०४-१९५०) कवयित्री झाली. आई अ‍ॅडलेडही लिहिणारी. तिने फ्रीटाऊनला मुलींची शाळा काढली, आणि ग्लॅडिस तिथे शिकवीत असे. तिने 'आक्वा लालुआ' असं टोपणनाव घेतलं. इंग्रजीत तर लिहिलंच, पण फ्रीटाऊनच्या बाजारात, स्वयंपाकघरात बोलली जाते त्या क्रिओ बोलीतही कविता केल्या. शिकलेली माणसं त्या बोलीला मोडकी इंग्रजी म्हणून नाक मुरडत, तरी १९४८ साली तिचं क्रिओ कवितांचं पुस्तक निघालं.

हे वाचलं आणि मला आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया आठवल्या. लग्नाची गाणी त्या अजून सामवेदी बोलीतच म्हणतात, त्याला कादोडीही म्हणतात. नाती-सुना टाळ्या वाजवून साथ देतात. तुमच्या घरची अशी गाणी कुणी वहीत उतरवून ठेवलीत का हो?