रोमचे राज्य आणि आपले सातवाहन



आमच्या पालीतून राजगडावर जाणारी वाट पाली दरवाजाला पोचते. वाट रुंद आहे, पायऱ्या घडीव आहेत. मागच्या हिवाळ्यात आम्ही शाळेतली मुले गुरुजींबरोबर गड चढलो. गुरुजी म्हणाले, "पंचवीस वर्षांहून जास्त काळ ही शिवाजी महाराजांची राजधानी होती. मग राजधानी रायगडाला गेली."

मी विचारले, "गुरुजी, मोठमोठी राज्ये वर कशी येतात आणि मग ओस का पडतात?"

गुरुजी हसून म्हणाले, "तूच शोध, आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

शोधता शोधता मी दोन हजार वर्षे मागे गेले. तेव्हा पश्चिमेला दूर रोमचे राज्य होते आणि आपल्याकडे सातवाहनांचे. रोम हे आधी एक शहर होते. त्याने आजूबाजूचा इटली देश जिंकला, मग समुद्राभोवतीचे देश जिंकले. इ. स. पूर्व 27 मध्ये ऑगस्टस तिथला पहिला सम्राट झाला. इ. स. 117 च्या सुमारास ते राज्य सर्वांत मोठे होते. पक्के रस्ते, शिस्तीचे सैन्य आणि सगळीकडे चालणारे नाणे, या तीन गोष्टींवर ते उभे होते.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदावरीकाठचे पैठण. तिथून माल बैलांवर लादून जुन्नरला यायचा, नाणेघाट उतरायचा आणि कल्याण, सोपारा या बंदरांत पोचायचा. नाणेघाट आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असे म्हणतात.

आता या दोन राज्यांची गाठ कशी पडली ते सांगते. आषाढात आपल्या अंगणात जो वारा पाऊस घेऊन येतो ना, तोच वारा रोमच्या राज्यातली गलबतं इकडे आणायचा! ती इजिप्तच्या बंदरातून जुलैच्या सुमारास निघत आणि हिवाळ्यात उलट वाऱ्यावर परत जात. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने प्रवासाचे पुस्तक लिहून ठेवले आहे. त्यात पैठणच्या रंगीत दगडांचे आणि तेरच्या कापडाचे नाव आहे. कार्ल्याच्या लेण्यात तर यवनांनी खांब दान दिल्याचे कोरलेले आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली. उलट इटलीत पाँपेई हे शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, तिथे 1938 साली आपल्या देशातली हस्तिदंती बाई निघाली! रोमचा प्लिनी नावाचा लेखक कुरकुर करायचा, की दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात. सेस्टर्स हे तिथले नाणे.

मग दोन्ही राज्ये मोडली कशी?

रोममध्ये सेनापतीच गादीसाठी भांडू लागले. इ. स. 235 ते 284 या पन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले. सैन्याला पगार द्यायला चांदी पुरेना, तेव्हा चांदीच्या नाण्यात तांबे मिसळू लागले. शेवटी नाण्यात चांदी नावालाच राहिली. हे मी आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "पाणी घातलेलं दूध डेअरीत तरी घेत्यात का गं? मग तसलं नाणं कोण घेईल?" बाहेरून टोळ्यांचे हल्ले चालूच होते. राज्याचे दोन भाग पडले. इ. स. 476 मध्ये पश्चिमेकडचा सम्राट गादीवरून उतरवला गेला. पूर्वेकडचा भाग मात्र 1453 पर्यंत टिकला.

सातवाहनांचेही बरेचसे असेच झाले. त्यांची क्षत्रप राजांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई चालली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान क्षत्रपाला हरवले, पण पुढे भांडण पुन्हा पेटले. घराण्याच्या शाखा झाल्या, हाताखालचे सरदार स्वतंत्र झाले. रोमचा व्यापारही कमी झाला. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सातवाहनांचे राज्य संपले.

म्हणजे मला समजले ते असे. वाट सुरक्षित, नाणे खरे आणि घरात एकी असली की राज्य वर येते. या तिन्ही गोष्टी हळूहळू सुटल्या की ते उतरते. एका दिवसात काहीच पडत नाही.

पण हे आपल्याला कळले कशावरून? नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. ती नहपानाची होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा शिक्का मारला होता. कोण हरला नि कोण जिंकला, हे नाण्यांनीच सांगितले.

हे ऐकून आजी गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या लहानपणी आमच्या माहेरी नांगराला मडकं लागलं होतं. जुनी नाणी होती. सोनाराकडं नेऊन आटवली. त्याच्या पाटल्या केल्या." ती नाणी कुणाची होती, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. मला फार वाईट वाटले.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. शेतात जुने नाणे, मूर्ती किंवा कोरीव दगड सापडला तर आटवू नका, विकू नका. गुरुजींना दाखवा, तहसील कचेरीत कळवा. आणि मित्रांनो, गडाच्या दगडावर आपले नाव कोरू नका. 2025 साली आपला राजगड जागतिक वारसा यादीत गेला आहे. राज्ये जातात, पण त्यांच्या खुणा राखणे आपल्या हातात आहे.