शिस्त रक्तात नसते

फुटबॉलचा विश्वचषक आला की जपानी प्रेक्षक सामन्यानंतर आपल्या आसनांखालचा कचरा वेचताना दिसतात. ती चित्रफीत आपल्या मोबाइलवर फिरते आणि तिच्याखाली ठरलेली ओळ असते : 'हे त्यांच्या रक्तातच आहे.' वाक्य कौतुकाचे आहे, पण जपानविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळही तेच आहे. वक्तशीरपणा, स्वच्छता, कामावरची निष्ठा आणि शांत समाधान या गोष्टी जपानी माणसाला जन्मतः मिळतात असे एकदा मानले, की त्यांच्यामागचा इतिहास दिसेनासा होतो. यांतल्या कितीतरी सवयी गेल्या दीडशे वर्षांत घडल्या, काही तर पन्नास-साठ वर्षांत. कायदे, शाळा, संप आणि गल्लीबोळांतली भांडणे यांतून त्या आकाराला आल्या. त्यांची किंमतही कुणीतरी मोजली.

गैरसमज : जपानी माणूस पूर्वापार वक्तशीर आहे

व्हिलेम फान काटेनडायके हा डच नौदल अधिकारी १८५७ ते १८५९ या काळात नागासाकीत जपानी तरुणांना आरमारी शिक्षण देत होता. इथली माणसे वेळेवर काही करत नाहीत, ही त्याची तक्रार होती. यात जपान्यांचा दोष नव्हता. तिथे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे आणि हिवाळ्यात आखूड होई. आपल्या प्रहरांसारखीच ही व्यवस्था सूर्यावर चालणारी होती आणि तिला मिनिटांची गरज नव्हती. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली. त्याच वर्षी सरकारने जुने पंचांग रद्द केले. बाराव्या महिन्याचे दोनच दिवस झाले होते आणि तिसरा दिवस उजाडला तो १ जानेवारी १८७३ म्हणून. रेल्वे, कारखाना, शाळा आणि लष्कर यांनी माणसांना घड्याळाशी बांधले, तरी सवय पुरती रुजली नव्हती. म्हणूनच १९२० मध्ये १० जून हा 'काळाचा स्मृतिदिन' ठरवून लोकांना वेळेचे महत्त्व सांगावे लागले. जी गोष्ट रक्तात असते तिचा असा प्रचार करावा लागत नाही.

१९६४ च्या शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने ही सवय जगाला दाखवली. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एक लोकल वळणावर रुळांवरून घसरून इमारतीवर आदळली आणि १०७ जणांचा बळी गेला. गाडी दीड मिनिटाच्या आसपास मागे पडली होती. ती वेळ भरून काढण्याचे आणि उशिराबद्दल होणाऱ्या शिक्षेचे दडपण चालकावर होते, हा मुद्दा चौकशीत ठळकपणे पुढे आला. वक्तशीरपणाचे कौतुक करताना हा हिशेब वगळता येत नाही.

गैरसमज : स्वच्छता त्यांच्या धर्मातून आली

१९६० च्या दशकातली तोक्यो आजच्या पाहुण्याला ओळखू आली नसती. सुमिदा नदी इतकी घाण झाली होती की तिच्या काठचा प्रसिद्ध आतषबाजीचा उत्सव १९६१ नंतर बंद पडला. गर्दी आणि वाहतूक हीही कारणे होती. तो पुन्हा सुरू झाला १९७८ मध्ये. मिनामाताच्या उपसागरात कारखान्याने सोडलेल्या पाऱ्यामुळे माणसे अपंग झाली, मेली. त्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, पण कारण मान्य करायला सरकारला १९६८ साल उजाडले. लोकांचा संताप वाढल्यावर संसदेच्या १९७० च्या अधिवेशनात प्रदूषणाविषयी एकदम १४ कायदे मंजूर झाले. पुढच्याच वर्षी तोक्योचे राज्यपाल मिनोबे यांना 'कचरायुद्ध' जाहीर करावे लागले. सगळ्या शहराचा कचरा आपल्या दारात का, असा सवाल करत कोतो विभागाने सुगिनामी विभागाच्या कचरागाड्या अडवल्या. 'ज्याचा कचरा त्याने जिरवावा' हे तत्त्व या भांडणातून पुढे आले. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा याचे काटेकोर वेळापत्रक आणि ते पाळले जाते का यावर असलेले शेजाऱ्यांचे लक्ष, यांमुळे ती शिस्त टिकली आहे.

यावर आक्षेप येईल की शिंतो परंपरेत शुद्धीला मोठे स्थान आहे, देवस्थानात शिरताना हात-तोंड धुतात, त्याचे काय? संस्कार आहे, पण तो एकटा पुरत नाही. हे समजायला मराठी वाचकाला दूर जायला नको. सोवळे-ओवळे कडकपणे पाळणाऱ्या घरातला कचराही गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन पडत असे. देवापुढची शुद्धी आणि रस्त्यावरची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत असती, तर सुमिदा कधी काळवंडलीच नसती. दुसरी शिकवावी लागते. जपानी शाळांत मुले रोज पंधरा-वीस मिनिटे वर्ग, जिने, व्हरांडे झाडतात ती यासाठी. 'तिथे सफाई कामगार नसतातच' हे मात्र खरे नाही. शाळांना देखभालीचे कर्मचारी असतात आणि नगरपालिकांना कचरा उचलणारे कामगारही. मुलांचे झाडणे हा शिक्षणाचा भाग आहे. तो दुसऱ्या देशातही नेता येतो हे इजिप्तने दाखवले. तिथल्या काही सरकारी शाळांत जपानी पद्धतीचा हा उपक्रम चालतो.

गैरसमज : निष्ठा आणि एकोपा हा त्यांचा स्वभाव

एकाच कंपनीत आयुष्य काढणारा, वरिष्ठापुढे वाकणारा जपानी नोकरदार आपल्या व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास भेटतो. पण १९६० मध्ये क्यूशूमधल्या मीके कोळसाखाणीत कामगारकपातीविरुद्ध सुमारे दहा महिने झुंज चालली. त्याच वर्षी अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले. नोकरीची हमी ही अशा संघर्षांनंतर मालक आणि संघटना यांच्यात झालेली तडजोड होती. तिचा लाभही मुख्यतः मोठ्या कंपन्यांतल्या कायम पुरुष कर्मचाऱ्यांना मिळाला. आज तिथले एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी अर्धवेळ किंवा कंत्राटी आहेत. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला जपानीत 'कारोशी' हा शब्द आहे आणि तो रोखण्यासाठी २०१४ मध्ये खास कायदा झाला. सरासरी कामाचे तास आता अमेरिकेपेक्षा कमी आहेत, याचे एक कारण अर्धवेळ कामगारांची वाढ हे आहे. म्हणजे 'जपानी माणूस मरेपर्यंत राबतो' हेही सरसकट खरे नाही आणि 'तो आनंदाने राबतो' हे तर नाहीच.

गैरसमज : ही संस्कृती बंदिस्त आणि निर्भेळ आहे

जपानी लोक बौद्ध की शिंतो, हा प्रश्नच तिथे नीट बसत नाही. दोन्हींकडच्या संस्थांनी दिलेले अनुयायांचे आकडे जोडले तर ती बेरीज देशाच्या लोकसंख्येहून जास्त भरत आली आहे, कारण एकच माणूस दोन्हींकडे मोजला जातो. नववर्षाला देवस्थान, अंत्यविधीला बौद्ध मंदिर अशी सरमिसळ सहज चालते. प्राचीन वाटणारा शिंतो विवाहविधी १९०० मध्ये युवराजांच्या लग्नानंतर लोकप्रिय झाला. देवताही दूरच्या प्रवासातून आल्या. बेन्झाइतेन ही आपली सरस्वती, किचिजोतेन ही लक्ष्मी, ताइशाकुतेन हा इंद्र आणि कांगितेन हा गणेश. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ही मंडळी जपानात गेली आणि तिथलीच झाली. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा क्रम लागतो. त्यातला 'स' पूर्वी 'च'च्या जवळचा आणि 'ह' हा 'प' होता असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. एवढे कळले की आपल्या वर्णमालेचा सांगाडा त्यात स्वच्छ दिसतो. संस्कृत मंत्रांच्या अभ्यासातून तिथल्या भिक्षूंनी तो घेतला. ताटातही हेच. तेंपुरा पोर्तुगीजांकडून आला, करी ब्रिटिशांमार्गे आली, आणि सुशीवरचा कच्चा सामन १९८० च्या दशकात नॉर्वेच्या मासळी व्यापाऱ्यांच्या प्रयत्नांनंतर रूढ झाला.

गैरसमज : इकिगाई हे सुखाचे सूत्र आहे

मराठी पुस्तकांच्या दुकानांतही दिसणारा हा शब्द चार वर्तुळांच्या आकृतीने ओळखला जातो. ती आकृती जपानी नाही. हेतू शोधण्याविषयीच्या एका युरोपीय आकृतीला २०१४ मध्ये इंग्रजी ब्लॉगवर हे नाव चिकटवले गेले. जपानमध्ये इकिगाई, म्हणजे जगण्याचे प्रयोजन, हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. नातवंड, बाग, सकाळचा चहा, कशासाठीही तो वापरतात. त्याचा गंभीर विचार मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी १९६६ च्या पुस्तकात केला. ओकायामा प्रांतातल्या नागाशिमा बेटावर त्या कुष्ठरुग्णांमध्ये काम करत. या रुग्णांना सक्तीने समाजाबाहेर ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत टिकला. घर, नाव, नाती हिरावून घेतलेली ही माणसे कशाच्या आधारावर जगतात, हा कामियांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे यशाच्या सूत्रात रूपांतर करणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

मग जपानचे सगळे कृत्रिम म्हणायचे का? मुळीच नाही. सवय शंभर वर्षांची असली म्हणून ती खोटी ठरत नाही. घडवलेली गोष्टही मनापासून पाळली जाते. फरक पडतो तो पाहणाऱ्याला. गुण रक्तात मानले की आपल्या वाट्याला फक्त कौतुक किंवा हळहळ उरते, कारण दुसऱ्याचे रक्त कुणी आणू शकत नाही. गुण घडवलेले मानले की प्रश्न कामाचे होतात : नियम कोणी केला, कोणाच्या भांडणातून झाला, मुलांना तो कोणत्या तासाला शिकवला, आणि त्याचा ताण कोणावर पडला? कोतो विभागातल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा ते काही आदर्श जपानी म्हणून ओळखले जात नव्हते. आपल्या दारातली घाण मुकाट्याने सोसायला नकार देणारी ती साधी माणसे होती. आज आपण ज्या स्वच्छतेचे कौतुक करतो, तिच्यात त्या नकाराचाही वाटा आहे.